269 चौरस फुटांतला रमजान

पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर रोहणा लागते. आर्वी तालुक्यातले हे गाव कापसाच्या पट्ट्यातले. अशा गावांत आता दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी दिसतात. एक जुने, मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. पुढे ओसरी, मागे अंगण. दुसरे सिमेंटचे, बरेचदा घरकुल योजनेतले. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये सुरू झाली. तिच्या नियमानुसार घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. फुटांत सांगायचे तर 269 चौरस फूट. आईवडील, मुलगा-सून आणि दोन नातवंडे असे सहा जणांचे कुटुंब धरले, तर माणशी पंचेचाळीस फूटही येत नाहीत.

कुटुंब हिंदू असो की मुस्लिम, ही अडचण सारखीच. रमजानमध्ये मात्र ती जास्त उघडपणे दिसते, कारण या महिन्यात घर रात्रीसुद्धा पूर्ण विश्रांती घेत नाही.

एक खोली, सहा कामे

पहाटे चारच्या सुमारास सहरीसाठी घर उठते. ज्या जागी रात्री मुले झोपलेली असतात, तिथली अंथरुणे गुंडाळून दस्तरखान पसरला जातो. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी जमिनीवर अंथरायचे कापड. जेवणे आटोपली की तो उचलला जातो आणि त्याच जागी नमाजसाठी जानमाज पडते. सकाळी तिथेच मुलांची शाळेची तयारी होते, दुपारी शिलाई मशीन चालते. तिसऱ्या प्रहरी फळे चिरणे आणि भजी-समोशांची तयारी सुरू होते. सूर्यास्ताला इफ्तारी. शेजारचे चार जण आले तरी दस्तरखान थोडा लांबवला की भागते. रात्री पुरुष मंडळी तरावीहच्या नमाजला मशिदीत जातात, घरातल्या बायका याच खोलीत नमाज पढतात. मग पुन्हा अंथरुणे.

दहा बाय बाराची एक खोली चोवीस तासांत सहा खोल्यांचे काम करते. यात जादू काही नाही. काम झाले की वस्तू उचलली जाते, एवढेच. लहान घराचे गणित क्षेत्रफळापेक्षा वेळापत्रकावर जास्त चालते. जी वस्तू उचलता येत नाही, ती चोवीस तासांचे भाडे खाते.

हिशेब करून पाहता येईल. सहा जणांचे जेवणाचे टेबल साधारण पाच बाय तीन फुटांचे असते. भोवती खुर्च्या ओढायला जागा सोडली की ते साठ फूट अडवते, म्हणजे घरकुलाचा पाचवा हिस्सा. वापर दिवसाला फार तर दोन तास. डबलबेड चाळीस फुटांच्या आसपास. सोफा वेगळा. काचेचे शोकेस वेगळे, आणि त्यातले कपबशांचे संच पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले. पाहुणे आले की चहा मात्र स्टीलच्या कपांतच येतो. लग्नात आलेले सामान म्हणून यातले काहीच हलवता येत नाही. घरातली माणसे त्या सामानाला वळसा घालून चालत राहतात.

मदिनेतली चटई

मुस्लिम घरांत या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधायची गरज पडू नये. मदिनेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची राहती घरे मशिदीला लागून असलेल्या लहान खोल्यांची होती. त्यांना हुजरा म्हणत. कच्च्या विटा, खजुराची खोडे आणि फांद्या हे त्यांचे साहित्य. छत इतके बुटके, की हात वर केला तर लागावा.

हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेली एक हदीस ‘सहीह बुखारी’ या संग्रहात आहे. पैगंबर रात्री नमाज पढत तेव्हा त्या समोरच झोपलेल्या असत. सजद्यासाठी, म्हणजे कपाळ टेकण्यासाठी, जागा उरत नसे. मग पैगंबर त्यांना हलकेच स्पर्श करत, त्या पाय आखडून घेत आणि ते उभे राहिले की पुन्हा पाय पसरत. त्या काळी घरांत दिवे नसत, असेही त्या सांगतात. त्याच संग्रहात एका चटईची नोंद आहे. दिवसा ती बसायला अंथरली जाई आणि रात्री तिचाच आडोसा करून पैगंबर त्यामागे नमाज पढत. एकच चटई दिवसा बैठक आणि रात्री भिंत.

‘सहीह मुस्लिम’मधली एक हदीस तर थेट सामानाबद्दल आहे. तिचा आशय असा की घरात एक अंथरूण नवऱ्यासाठी, एक बायकोसाठी, तिसरे पाहुण्यासाठी आणि चौथे सैतानासाठी. म्हणजे गरजेपेक्षा जास्त ते सैतानाच्या वाट्याचे. पाहुण्याचा वाटा मात्र गरजेतच मोजलेला आहे, हे विसरायला नको. घर लहान आहे म्हणून दार लावून घ्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

जुन्या घराचे शहाणपण

वऱ्हाड-विदर्भातल्या जुन्या घरांना हे वेगळे शिकवावे लागले नव्हते. मातीची भिंत जाड असे आणि तिच्या जाडीतच कोनाडे काढलेले असत. मराठी घरात त्याला देवळी म्हणत, उर्दू बोलणाऱ्या घरात ताक. एकाच्या देवळीत दिवा, दुसऱ्याच्या ताकात कुराण. भिंत बांधणारा गवंडी मात्र एकच. धान्याची मडकी एकावर एक रचून उतरंड होई, म्हणजे सात-आठ मडक्यांना जमीन लागे ती एकाचीच. दूध-दही शिंक्यात टांगलेले असे. विणलेली बाज दिवसा भिंतीला उभी राही किंवा अंगणात जाई. गोधड्या दांडीवर. या घराची जमीन मोकळी असे आणि भिंती व छत कामाला लागलेले असत.

घरकुलात नेमके उलटे झाले. भिंती सपाट आणि रिकाम्या राहिल्या, जमीन भरून गेली. शिवाय ओसरी गेली. ओसरी म्हणजे अर्धे घर आणि अर्धा रस्ता. तिथे पाहुणा बसे, म्हातारा पडून राही, मुले अभ्यास करत. नव्या घरात हे सगळे आत आले.

त्यात कापूस. शेतकऱ्याच्या घरात हंगामात सगळ्यात मोठी जागा तोच घेतो. 2022 च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो भाव पुन्हा येईल या आशेने पुढच्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कापूस विकला नाही, घरातच ठेवला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,380 रुपये होता. 24 मार्च 2023 ला रोजे सुरू झाले, तरी अनेक घरांची पुढची खोली कापसाने भरलेली होती. जुना भाव परत आला नाही. उन्हे तापली तशी कापसातल्या किडीने घरातल्यांच्या अंगाला खाज सुटू लागली. चूल किंवा गॅस पेटवताना ठिणगीची धास्ती वेगळीच.

अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा. कापूस आत आला की बाहेर कोण जाते? टीव्ही जागचा हलत नाही, दिवाण हलत नाही. हलते ती अभ्यासाची वही आणि आईचे अंथरूण. जागा कमी पडली की ती कोणाच्या वाट्यातून कापायची, हे प्रत्येक घरात न बोलता ठरलेले असते.

बांची अडचण

याच वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचे एक जुने उदाहरण आहे. 1936 मध्ये महात्मा गांधी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य आसपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. तिथली पहिली वास्तू म्हणजे आदी निवास. त्या एका छपराखाली गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे राहत. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान तिथे राहिले, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही राहिले. नमाज पढणारा पठाण आणि खंजिरीवर भजन गाणारे महाराज यांना ती जागा पुरली. आज पाहणाऱ्याला याचे कौतुक वाटते आणि ते वाटायलाच हवे.

पण गोष्ट इथे संपत नाही. एवढ्या पुरुषांच्या वर्दळीत कस्तुरबांची गैरसोय होत होती. जमनालाल बजाज यांच्या ती लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधून घेतली. ती ‘बा कुटी’ आजही आश्रमात उभी आहे. साधेपणाचे सगळे नियम पाळणाऱ्या त्या आश्रमालाही एक भिंत वाढवावी लागली, ती एका स्त्रीला थोडा आडोसा मिळावा म्हणून. थोड्यात भागवणे चांगलेच, पण भागवणारी व्यक्ती दरवेळी एकच असेल तर त्याला साधेपणा म्हणता येत नाही.

एतिकाफचा कोपरा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफ असतो. विसाव्या रोजाच्या सूर्यास्तापासून ईदचा चाँद दिसेपर्यंत सगळे व्यवहार सोडून एका जागी उपासनेत बसायचे, असा त्याचा अर्थ. पुरुष मशिदीत बसतात. हनफी परंपरेत बायका घरातच, नमाजसाठी ठरवलेल्या जागेत बसतात.

269 चौरस फुटांत ही जागा कुठून येते? दोन खिळ्यांना दोरी बांधून त्यावर चादर टाकली जाते. आत एक जानमाज, एक उशी, रिहलवर कुराण आणि पाण्याचा तांब्या. चार बाय सहा फुटांचा हा कोपरा. दहा दिवस त्या बाईला कोणी हाक मारत नाही. स्वयंपाक मुली, जाऊ किंवा सासू सांभाळतात. एखाद्या घरी नवऱ्याला आणि मुलाला पोळपाट कुठे ठेवलेला असतो हे पहिल्यांदा कळते. टीव्हीचा आवाज कमी होतो. मुले चादरीपलीकडे पावले जपून टाकतात.

अकरा महिने ज्या घरात तिच्यासाठी वीतभर जागा नव्हती, त्याच घरात चोवीस फूट निघाले. भिंती सरकल्या नाहीत, खोलीही वाढली नाही. घराने ठरवले आणि जागा झाली.

चाँद दिसला की चादर उतरते. तिथे पुन्हा गव्हाचा कट्टा किंवा मोडका कुलर येऊन बसतो. हे टाळता आले पाहिजे. त्या कोपऱ्याला नंतरही हक्कदार आहेत. 2025 मध्ये 2 मार्चला रमजान सुरू झाला तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. सहरीला उठणाऱ्या, इफ्तारीची तयारी करणाऱ्या आणि मधल्या वेळेत बीजगणित सोडवणाऱ्या कितीतरी मुली त्या वर्षी जिल्ह्यात असतील. अशा मुलीला दोन तासांची शांतता आणि पुस्तके न हलवता ठेवायला एक फळी मिळाली, तर घराने मोठे काम केले. परीक्षा संपली की तो कोपरा आजीचा, मग आईचा.

बांधतानाच ठरवायच्या गोष्टी

ज्यांचे घरकुल अजून बांधून व्हायचे आहे, त्यांना काही गोष्टी कमी खर्चात करता येतील. नऊ इंची विटेच्या भिंतीत अर्ध्या विटेएवढी खोली सोडली, तर साडेचार इंचांचा कोनाडा निघतो. पुस्तके, औषधे, डबे त्यात बसतात. पण तो प्लास्टरच्या आधी ठरवावा लागतो, नंतर भिंत फोडणे आले. दाराची चौकट सात फुटांवर संपते. त्या उंचीवर भिंतीभर फळी घातली की रजया आणि पेट्या जमिनीवरून वर जातात. तीन फुटांचे दार आत उघडत असेल तर ते फिरायला सात चौरस फूट अडवते. जमेल तिथे ते बाहेर उघडावे किंवा पडद्यावर भागवावे. आणि पैसे थोडे उरलेच, तर आतल्या सजावटीपेक्षा समोर टिनाचे छप्पर टाकून ओसरी परत आणावी.

ज्यांचे घर बांधून झाले आहे, त्यांनी एकदा यादी करावी. गेल्या रमजानपासून या रमजानपर्यंत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घरात का आहे? जकात आणि फित्रा काढण्याचा हा महिना. वापरात नसलेली भांडी, रजई, खुर्ची गरजूच्या घरी गेली तर दोन्ही घरांचे भले होईल. जकातीचा हिशेब वेगळा ठेवून हे सदका म्हणून, म्हणजे ऐच्छिक दान म्हणून देता येते.

2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 मार्चला ईद. लागोपाठ दोन दिवस पुरणपोळीची ताटे एका दिशेने गेली आणि शीरखुर्म्याच्या वाट्या दुसऱ्या दिशेने. पाहुण्यांना बसायला जागा पुरेल का, ही चिंता दोन्ही घरांत सारखीच होती, आणि दोन्ही घरांत लोक सरकून बसले. बैठकीत दुसऱ्याला जागा करून द्या, अल्लाह तुम्हाला जागा करून देईल, अशा आशयाची शिकवण कुराणात आहे. पाहुण्यासाठी आपण ती सहज पाळतो. घरातल्यांसाठीही ती पाळायला सुरुवात करायची, तर ईदच्या दिवशी चादर काढताना ते दोन खिळे भिंतीत तसेच राहू द्यावेत.