गिरणी थांबली तरी हजेरी चुकवू नका

सकाळच्या पाळीचा कामगार डबा घेऊन गेटवर येतो आणि त्याला आतून निरोप मिळतो, "आज काम नही शे, घर जा." किती दिवस काम नाही, हे सांगायला कोणी तयार नसतं. कापसाचा भाव चढला, सुताला उठाव नाही, गोदामात माल पडून आहे, अशी काहीतरी कुजबुज कानावर येते. माणूस घरी परततो आणि फोन कधी येईल याची वाट बघत बसतो. शिरपूर-धुळ्याच्या पट्ट्यात हे नवीन नाही. पण बहुतेक कामगारांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की काम देता येत नाही म्हणून मालकाने परत पाठवलं त्या दिवसापासूनच कायद्याने त्याचा अर्धा पगार सुरू होतो. आणि हा अर्धा पगार पदरात पडण्याची एक मुख्य अट म्हणजे रोज गेटवर जाऊन हजर राहणं. घरी बसून फोनची वाट बघणारा माणूस ही अट स्वतःच मोडतो.

याला ले-ऑफ म्हणतात. नोकरी जात नाही, नाव हजेरीपटावर राहतं, फक्त काम नसतं. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साचला, यंत्र मोडलं, नैसर्गिक आपत्ती आली, अशी कारणं कायद्यात दिली आहेत. मोजणीचा नियमही स्पष्ट आहे. पाळीच्या वेळी हजर झालेल्या कामगाराला दोन तासांत काम दिलं नाही, तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफवर आहे असं धरलं जातं. पाळीच्या उत्तरार्धात या असं सांगितलं आणि तेव्हा काम दिलं, तर अर्धाच दिवस ले-ऑफ. तेव्हाही काम दिलं नाही, तर त्या उत्तरार्धाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो.

हा हक्क कापडधंद्यातूनच आला आहे. १९५३ साली देशातल्या कापड गिरण्यांत मालाचे ढीग साचले, पाळ्या बंद होण्याची आणि हजारो कामगार घरी बसण्याची वेळ आली. तेव्हा केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर १९५३ रोजी वटहुकूम काढून औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद आणली. खान्देशात त्या काळी अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यावर घरं चालत होती. त्या गिरण्या गेल्या, तरतूद राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तेव्हा ती या नव्या संहितेत आली.

आता हिशेब. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे ५० टक्के, मधली साप्ताहिक सुटी वगळून. समजा ही बेरीज महिन्याला १२,००० रुपये आहे. २६ दिवसांनी भागलं तर रोजाचे सुमारे ४६१ होतात, त्याचे निम्मे २३० धरा. ४५ दिवसांचे साधारण १०,४०० रुपये. घरभाडं, किराणा आणि मुलांची फी यांच्यापुढे ही रक्कम थोडीच आहे, पण शून्य आणि दहा हजार यांत फार अंतर आहे. बारा महिन्यांत ४५ दिवसांच्या पुढे ले-ऑफ गेला आणि कामगाराने तसा करार करून दिला असेल, तर पुढच्या दिवसांची भरपाई थांबते. करार नसेल तर ती चालू राहते. म्हणून अशा दिवसांत पुढे सरकवलेल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका.

हक्कासाठी एक वर्षाची सलग सेवा लागते. कायद्याच्या भाषेत, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम. ले-ऑफचे दिवस या २४० मध्ये धरले जातात, हे टाइमकीपरने नाही सांगितलं तरी खरं आहे. बदली कामगाराला भरपाई नाही असं सर्रास सांगितलं जातं. पण बदलीवर असूनही ज्याने एक वर्षाची सलग सेवा भरली, तो या हक्कापुरता बदली राहत नाही. २४० दिवस भरत आले की 'ब्रेक' देण्याची रीत का पडली, याचं उत्तर इथे सापडतं. हक्क हातून जाण्याचीही कारणं आहेत. त्याच मालकाच्या जवळच्या दुसऱ्या युनिटमध्ये, तेवढ्याच पगाराचं, वेगळं कौशल्य न लागणारं काम देऊ केलं आणि ते नाकारलं, तर भरपाई जाते. कारखान्याच्या दुसऱ्या भागातल्या कामगारांच्या संपामुळे काम थांबलं असेल, तरीही जाते.

इथवर वाचून शिरपूरचा एखादा जिनिंगचा कामगार म्हणेल, मग मला का नाही? त्याला खरंच मिळत नाही. ५० पेक्षा कमी कामगारांचे कारखाने आणि हंगामी कारखाने या तरतुदीच्या बाहेर आहेत. हंगामी कारखान्यांची नावं घेऊन केलेली यादी राज्य कर्मचारी विम्याच्या तरतुदींत आहे. त्या यादीत कापसाची जिनिंग, प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, आणि गुळासह साखर बनवणं आहे. खान्देशातल्या बिनशेतीच्या रोजगाराचा मोठा भाग त्या एका ओळीत मावतो. कापूस यायला लागला की जिनिंगचे पट्टे फिरू लागतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतात. हंगाम संपला म्हणून काम गेलं, हे समजण्यासारखं आहे. पण हंगाम ऐन भरात असताना भाव पडला म्हणून शेतकऱ्याने कापूस घरात ठेवला, आवक आटली आणि जिनिंग पंधरा दिवस बंद राहिली, तर तोही ले-ऑफच. तिथे कामगाराच्या हाती काहीच येत नाही. दहिवदचा शिरपूर शेतकरी सहकारी साखर कारखाना अनेक वर्षे बंद राहिला. ऊस तोडणाऱ्यांपासून बॉयलरवरच्या माणसांपर्यंत किती जणांचं हंगामी उत्पन्न त्याच्याबरोबर गेलं, हे तालुक्यात कोणालाही विचारा.

सूतगिरण्यांचं संकटही बाहेरून येतं. २०२२ च्या मे महिन्यात रुईच्या खंडीने, म्हणजे सुमारे ३५६ किलोने, एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि देशभर गिरण्यांनी पाळ्या कमी केल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्याचा धक्का कापडापासून सुतापर्यंत मागे येत गेला. यात कामगाराचा काडीचाही दोष नाही. मालकाचाही फारसा नाही. आणि आपल्या व्यवस्थेतली खरी फट इथेच आहे. ले-ऑफची भरपाई सरकार देत नाही, मालकाने द्यायची असते. म्हणजे गिरणीकडे पैसा नाही म्हणून यंत्रं थांबली, आणि त्याच रिकाम्या तिजोरीतून अर्धा पगार काढायचा. मोठ्या कारखान्यांना ले-ऑफसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण ती अट पूर्वी १०० कामगारांपासून लागू होती, आता ३०० पासून. मधल्या आकाराच्या कारखान्यांतला कामगार त्या छपराबाहेर गेला.

सरकारी आधार म्हणता येईल असा एकच रस्ता आहे, राज्य कर्मचारी विमा महामंडळाचा. पगारपत्रकावर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसते का, ते बघा. दिसत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ले-ऑफची भरपाईही विम्यासाठी पगारच धरली जाते, त्यामुळे त्या दिवसांचं अंशदान भरलं गेलं पाहिजे आणि दवाखान्याचा हक्क तुटता कामा नये. दुसरी, ले-ऑफ पुढे पूर्ण बेकारीत बदलला तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. १ जुलै २०१८ ला ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत. २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झाले. आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस. रोजची सरासरी ५०० रुपये असेल तर एकूण २२,५०० रुपये. काम जाऊन ३० दिवस झाले की विमाधारक स्वतः अर्ज करू शकतो, जुन्या मालकाच्या शिफारशीची गरज नाही. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं, आणि मागच्या दोन वर्षांतल्या अंशदानाच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात. योजनेला मुदत असते आणि ती वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा अर्जाआधी विमा शाखेत चालू मुदत विचारून घ्या.

यातही एक सापळा आहे. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ही मदत मिळत नाही. "राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करतो" हे वाक्य गेटवर ऐकू आलं, तर तो राजीनामा ९० दिवसांचा आधार घालवू शकतो. गोड बोलण्याला भुलून सही देणारे फार आहेत, म्हणून हे ठळकपणे लिहावंसं वाटतं.

२०२० च्या टाळेबंदीत ही व्यवस्था किती तोकडी आहे ते उघडं पडलं. २९ मार्चला केंद्राने बंद काळातला पूर्ण पगार द्या असा आदेश काढला, १८ मेपासून तो मागे घेतला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. त्याच मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून, शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या सीमेकडे माणसं पायी चालत होती. शिरपूरकरांनी त्यांना खायला-प्यायला घातलं. त्यांच्या खिशात अर्धा पगार असता तर त्यातले पुष्कळसे उन्हात रस्त्यावर उतरलेच नसते. त्याच काळात ब्रिटनने घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के सरकारी तिजोरीतून दिले. जर्मनीत तर ही सोय कायमचीच आहे. काम कमी झालं की बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून येतात. मालक दिवाळखोरीत जात नाही, आणि कसबी माणूस दुसरीकडे निघून जात नाही.

ते श्रीमंत देश, आपल्याला कसं परवडणार, असा प्रश्न लगेच येतो. महाराष्ट्राने त्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. सूतगिरणीतला महिना दहा हजारांवर कमावणारा पुरुष कामगार आजही तो कर भरतो, बहुतेक महिने २०० रुपये. शेतमजुराला काम मिळावं म्हणून गिरणी कामगाराने आपल्या पगारातून वाटा दिला, आणि ते योग्यच झालं. पण त्याची स्वतःची पाळी बंद पडते तेव्हा तसा निधी त्याच्यासाठी नाही. १९८६ साली केंद्राने कायमच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. म्हणजे निधीतून पगार देणं या देशाला अशक्य नव्हतं. मात्र त्यासाठी गिरणी मरावी लागे. नुसती आजारी पडलेल्या गिरणीच्या कामगाराला तो निधी नव्हता, आणि हंगामी जिनिंगचा माणूस तर कुठल्याच यादीत नाही. राज्याने ले-ऑफसाठी असा निधी उभारावा, त्यात मालक, कामगार आणि सरकार तिघांनी भरावं, आणि हंगामी कामगाराला त्यात पहिल्या दिवसापासून घ्यावं, ही मागणी खान्देशातल्या आमदार-खासदारांनी सभागृहात मांडायला हवी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्याची पाळी बंद आहे त्याने रोज ठरल्या वेळी गेटवर जावं आणि हजेरीची सही करावी. सही घेत नसतील तर दोघा सोबत्यांसह लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. नियुक्तीपत्र, मागच्या वर्षाची पगारपत्रकं, विम्याचा क्रमांक एका पिशवीत ठेवावा. भरपाई नाकारली तर धुळ्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्यावी, शक्यतो युनियनमार्फत आणि वर्ष उलटायच्या आत. देणं सिद्ध झालं तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे.