कळलावीची गोळी

मान आखडली किंवा कंबरेत उसण भरली की डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्या पट्टीवर बारीक अक्षरांत अनेकदा ‘थायोकोल्चिकोसाइड’ हे लांबलचक नाव असते. या औषधाचा कच्चा माल कळलावीच्या बियांतून येतो. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या या वेलीचे फूल हिरवट पिवळे उमलते आणि केशरी होत होत लालभडक होते. पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या असतात, म्हणून ती अग्निशिखा. झाशीकडे, बुंदेलखंडाच्या रानात, तिला कलिहारी म्हणतात. संस्कृत नाव लांगली, कारण कंद नांगरासारखा दिसतो. मराठीने मात्र रूपाकडे न बघता गुणावर बोट ठेवले. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावत, म्हणून ती कळलावी. कळ लावणाऱ्या वेलीपासून कळ घालवणारी गोळी निघावी, हा योग कोशकारालाही सुचला नसता.

झाशीत केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्थेचे वनौषधी उद्यान आहे आणि आयुर्वेदिक औषधांचा मोठा कारखानाही आहे, त्यामुळे लांगली हे नाव तिथे परके नाही. औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट ई(१) मधील विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत वत्सनाभ, धोत्रा, गुंज यांच्या पंक्तीला तीही बसलेली आहे. तमिळनाडूचे हे राज्यफूल असून तिथले शेतकरी बियांसाठी वेलीची लागवड करतात. बियांत कोल्चिसीन आणि त्याचा साखर जोडलेला भाऊ कोल्चिकोसाइड असतो. या भावाच्या रेणूतील ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे गंधकाचा बसवला की थायोकोल्चिकोसाइड तयार होते.

कोल्चिसीनची ख्याती औषधापेक्षा शेतीत मोठी. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले, की हे द्रव्य दिले तर वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट होतात. प्रयोगासाठी त्यांचे आवडते झाड होते आपला धोत्रा. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रांना दोन बाजूंना खेचणारे धागे कोल्चिसीन तयारच होऊ देत नाही. जपानमध्ये हितोशी किहारा यांनी याच युक्तीने बिनबियांचे कलिंगड घडवले. शेतात जी करामत ठरली, तिचीच सावली माणसाच्या शरीरात धोक्याची ठरू शकते. त्याचा संबंध पुढे येतोच.

‘स्नायू शिथिल करणारे औषध’ हे नाव फसवे आहे. दुखऱ्या स्नायूपर्यंत जाऊन त्याला सैल करण्याचे काम यांतली बहुतेक औषधे करतच नाहीत. थेट स्नायूवर काम करणारे डँट्रोलीनसारखे औषध विरळा. बाकीची मेंदू आणि मज्जारज्जू यांत जाऊन स्नायूला ‘आवळून धर’ असे सांगणाऱ्या संदेशांचा जोर कमी करतात. संदेश मंदावतात तशी जागही मंदावते. म्हणून झोप, गरगर आणि तोंडाला कोरड.

सैल स्नायू आणि मंदावलेला मेंदू यांचे हे नाते उघड झाले ते अपघाताने. फ्रँक बर्गर हे चेकोस्लोव्हाकियातून ब्रिटनला आलेले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते एका ब्रिटिश औषध कंपनीत पेनिसिलीन टिकवण्याचा उपाय शोधत होते, कारण काही जिवाणू त्या दुर्मीळ औषधाचा फडशा पाडत. जिवाणूंना मारणारी रसायने उंदरांना देऊन पाहताना त्यांतल्या एकाने उंदीर लुळे पडले. मात्र त्यांचे डोळे उघडे होते, श्वास नीट चालू होता आणि थोड्या वेळाने ते पुन्हा चालू लागले. विल्यम ब्रॅडली यांच्यासह १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हे मेफेनेसीन जगापुढे आले. पुढे बर्गर अमेरिकेत गेले आणि त्याच वाटेने १९५५ मध्ये मेप्रोबामेट ही चिंता शमवणारी गोळी बाजारात आली. ती तुफान खपली. पाठदुखीसाठी दिले जाणारे कॅरिसोप्रोडॉल हे तिचेच भावंड, आणि शरीरात गेल्यावर त्याचे अंशतः मेप्रोबामेटच होते. सवय लागण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये ते बाजारातून काढून घेण्याची शिफारस केली. मनाची गोळी आणि पाठीची गोळी एकाच घरातल्या, ही गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही.

थायोकोल्चिकोसाइडचे प्रकरण वेगळे आहे. शरीरात त्यापासून तयार होणारे एक द्रव्य विभागणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकते, असे प्रयोगांत दिसले. नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी मर्यादा आखली. तोंडावाटे दर १२ तासांनी ८ मिलिग्रॅम, तेही फार तर ७ दिवस. इंजेक्शन असेल तर ५ दिवस. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी तसेच गर्भनिरोधक न वापरणाऱ्या, मूल होऊ शकेल अशा स्त्रियांनी हे औषध घेऊ नये, असेही बजावले. संस्कृत ग्रंथांत लांगलीचे एक नाव गर्भपातिनी आहे. हे वाचून ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो आवरलेला बरा. जुना अनुभव गर्भाशयाच्या कळांचा होता, नवी भीती गुणसूत्रांची आहे. फेफरे येणाऱ्यांनाही हे औषध देत नाहीत, कारण त्याने झटके येऊ शकतात.

स्नायू सैल करणाऱ्या प्रत्येक औषधाचा खोडसाळपणा निराळा. टिझानिडीन रक्तदाब उतरवते. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन सोबत घेतले, तर यकृतात टिझानिडीनचा निचराच अडतो. फिनलंडमधील संशोधकांना २००४ मध्ये या जोडीने त्याचे शरीरातील प्रमाण सुमारे दहापट वाढलेले आढळले. ही दोन औषधे एकत्र घ्यायचीच नाहीत. बॅक्लोफेन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड अधू असेल तर थोड्या मात्रेनेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. आणि बरेच दिवस घेतलेले बॅक्लोफेन एकदम थांबवले तर भास आणि झटके येऊ शकतात. क्लोरझोक्साझोनने क्वचित यकृताला इजा होते, म्हणून डोळे पिवळे दिसले की गोळी बंद करून डॉक्टर गाठायचे. यांतल्या कुठल्याच औषधासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालत नाहीत. वयस्कर माणसाला रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती खरी असते. झाशीसारख्या जंक्शनच्या गावात इंजिनावर जाणाऱ्याला किंवा खडी फोडण्याच्या यंत्रावर उभे राहणाऱ्याला गोळीची सुस्ती उसणीपेक्षा महाग पडेल. डॉक्टरला आधी कामाचे स्वरूप सांगणे म्हणूनच औषधोपचाराचा भाग.

भारतीय बाजारातली खास अडचण म्हणजे मिश्रणे. एकाच गोळीत स्नायू सैल करणारे औषध, त्यासोबत असेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि वर पॅरासिटामॉल. घरात तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल असतेच, ती वर पडली की मात्रा नकळत दुप्पट. ‘मेडिकल’मधून दोन-चार गोळ्या कापून आणल्या तर नावाचा भाग दुकानातच राहतो. पट्टीवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय विक्री नको असे सांगते, स्नायूंसाठीही दिल्या जाणाऱ्या डायझेपामवर तर नियम आणखी कडक आहेत. रेघ कात्रीच्या पलीकडे गेली की सांगणारे कोणी उरत नाही.

इतके सांभाळून घेतलेल्या गोळीने मिळते किती? २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या आढाव्यानुसार, नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीत या औषधांनी पहिल्या दोन आठवड्यांत वेदना १०० पैकी सुमारे ८ गुणांनी कमी होते, आणि तो पुरावाही कच्चा. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेत ३२३ रुग्णांवरील चाचणीत नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाला स्नायू सैल करणाऱ्या सायक्लोबेंझाप्रीनची जोड देऊन काहीच जास्त मिळाले नव्हते. लचकलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुधारते. शेक आणि शक्य तितके हिंडणे-फिरणे अंथरुणापेक्षा बरे. मात्र लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाय लुळा पडणे, ताप किंवा पडझडीनंतरचे दुखणे असेल तर गोळीत वेळ घालवू नये.

गोळीऐवजी मूळ वेलच वापरावी, ही कल्पना तर सर्वांत घातक. कंद खाद्य कंदासारखा दिसतो आणि चुकून खाल्ला जातो. काही तासांत उलट्या आणि हगवण सुरू होते, मग मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा कोलमडतात. उतारा हाताशी नाही, त्यामुळे तातडीने मोठे रुग्णालय गाठावे लागते. झाशीच्या परिसरात ते महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचे. यातून जे वाचतात, त्यांचे डोक्यावरचे केस दोन आठवड्यांच्या आसपास झडू लागतात, कारण केसांच्या मुळांशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात आणि कोल्चिसीन तिथेही पोचलेले असते. पुढे ते परत उगवतात.