लूप कोणता, यापेक्षा लूपमध्ये काय?

जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे, म्हणजे क्रमाने मांडलेली यादी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला अनेक लूप, म्हणजे तीच कृती फेरीफेरीने करणाऱ्या रचना, आहेत: भाषेच्या आरंभापासूनचा साधा ‘फॉर’, 2009 च्या आवृत्तीतला ‘फॉरईच’ आणि 2015 मध्ये आलेला ‘फॉर-ऑफ’. यांतला वेगवान कोणता, यावर प्रोग्रामर मंडळी हिरिरीने भांडतात. जुन्या ब्राउझरांच्या काळात या भांडणाला अर्थ होता. अ‍ॅरेची लांबी दर फेरीला विचारण्याऐवजी आधीच एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, हा सल्ला तेव्हाचाच. 2008 मध्ये क्रोम ब्राउझरबरोबर जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन आलं आणि चित्र पालटत गेलं. वारंवार चालणारा कोड हेरून आजची इंजिनं त्याचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करतात, आणि फॉरईचला दिलेलं छोटं फंक्शन अनेकदा लूपमध्येच सामावून घेतात. त्यामुळे रोजच्या कामात हा फरक सहसा जाणवत नाही.

वेळ खाल्ला जातो तो लूपच्या पोटात. प्रत्येकी 10,000 मोबाईल नंबरांच्या दोन याद्यांतले समान नंबर शोधायचे आहेत, असं समजा. पहिल्या यादीतल्या प्रत्येक नंबरासाठी दुसरी यादी एकेक नंबर तपासणाऱ्या ‘इन्क्लूड्स’ने चाळली, तर एकही नंबर जुळत नसताना 10 कोटी तुलना होतात. दुसऱ्या यादीचा आधी ‘सेट’, म्हणजे सगळं न चाळता थेट शोधता येणारा संग्रह, केला, तर तो भरायला आणि त्यात शोधायला मिळून सुमारे 20,000 क्रिया पुरतात. लूपचा प्रकार बदलून एवढी बचत कधीच होणार नाही. लूपमध्ये पानावरच्या घटकाची शैली बदलून लगेच त्याची उंची विचारली, तर ब्राउझरला दर फेरीला पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते. तिथेही दोष लूपचा नसतो.

यावर रास्त आक्षेप असा की गेम, ध्वनी किंवा चित्रप्रक्रियेत प्रत्येक फेरी मोलाची असते. ते खरंच आहे. 1920 गुणिले 1080 च्या एका चित्रात 20,73,600 पिक्सेल असतात, आणि सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एकाला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तिथे टाइप्ड अ‍ॅरे, म्हणजे एकाच ठरावीक प्रकारच्या आकड्यांची अ‍ॅरे, आणि साधा फॉर वापरणंच शहाणपणाचं. पण असा कोड थोडा असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे कुठे किती वेळ गेला ते मोजणारा ब्राउझरमधला प्रोफायलर दाखवतो. म्हणून आधी वाचायला सोपा लूप लिहा, मग मोजा, आणि मोजमाप सांगेल तिथेच हात घाला.