विश्लेषण : गाडीखाली तेलाचा डाग दिसला, इंजिन खोलावेच लागेल का?

पार्किंगमधून गाडी बाहेर काढल्यावर फरशीवर काळपट डाग दिसला की बहुतेक मालक एक तर ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करतात किंवा गॅरेजमध्ये सांगितलेला खर्च निमूट मान्य करतात. दोन्ही महागात पडू शकते. गळतीमागे कधी ड्रेन बोल्टचा साधा वॉशर असतो, तर कधी गिअरबॉक्स उतरवून बदलावे लागणारे ऑइल सील. हा फरक कसा ओळखायचा, याविषयी…

डाग इंजिन ऑइलचाच आहे का?

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी डागाचा रंग, जागा पाहावी. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे; त्याची काळजी नको. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखा पातळ द्रव म्हणजे कूलंट. चाकाजवळ फिकट, निसरडा द्रव दिसला तर तो ब्रेक फ्लुइड असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये. मधासारखे तपकिरी ते काळे, बोटांना बुळबुळीत लागणारे आणि इंजिनाच्या खालीच पडलेले तेल बहुधा इंजिन ऑइल असते.

थोड्या गळतीने काय बिघडते?

इंजिन ऑइल फिरत्या भागांमधले घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी धरून ठेवते. लहान मोटारीत ते साधारण ३ ते ४ लिटरच असते. मिनिटाला एक थेंब सतत पडत राहिला तर दिवसाला ढोबळमानाने ५० ते ७० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत लिटरभर तेल जाते. पातळी फार खाली गेली की पंप हवा ओढू लागतो, बेअरिंगवरची तेलाची पातळ फिल्म तुटते आणि इंजिन जाम होऊ शकते. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडले तर धूर येतो, आगीचाही धोका असतो. रस्त्यावर साचलेले तेल पहिल्या पावसात दुचाकीस्वारांना घसरवते, तो भाग वेगळाच.

तेल नेमके कुठून गळते?

गळतीचा वेग हा पहिला सुगावा. ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच येथे तेल दाबाखाली असते. त्यामुळे तिथली गळती इंजिन सुरू असताना वाढते आणि बंद केल्यावर मंदावते. वरचे टॅपेट कव्हर आणि खालचे ऑइल चेंबर येथे पंपाचा दाब नसतो. तिथून तेल हळूहळू पाझरते.

टॅपेट कव्हरचे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होणे, हे जुन्या गाड्यांतील नेहमीचे कारण. चेंबर किंवा ड्रेन बोल्टला उंच गतिरोधकाचा, खडबडीत रस्त्यावरच्या दगडाचा फटका बसू शकतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर आधी फिल्टर आणि ड्रेन बोल्ट तपासावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तरी तेल वाहते.

मूळ शोधायचे कसे?

तेल खाली ओघळते आणि गाडीच्या वेगाबरोबर मागे पसरते. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच दोष असतो असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधणे, हा मूळ नियम. इंजिन थंड असताना डिग्रीझरने बाहेरचा भाग स्वच्छ करावा, १०-१५ किलोमीटर गाडी चालवावी आणि बॅटरीच्या उजेडात पुन्हा पाहावे. तरीही सापडले नाही तर तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याने पाहण्याची सोय काही गॅरेजमध्ये असते.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकत असेल तर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर संशय जातो. हे सील स्वस्त, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरी मोठी. मात्र टॅपेट कव्हरमधून इंजिनाच्या पाठीवरून ओघळलेले तेलही नेमके तिथेच पोहोचते. म्हणून मोठ्या कामाला होकार देण्याआधी वरचा भाग स्वच्छ करून पुन्हा तपासण्याचा आग्रह धरावा.

दुरुस्ती करताना काय पाहावे?

पॅकिंग बदलताना जुने अवशेष पूर्ण काढून दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावे लागतात. टॅपेट कव्हरचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि तेवढ्याच ताकदीने, टॉर्क पान्ह्याने आवळावेत. जास्त आवळल्याने पॅकिंग चेपते, प्लास्टिकचे कव्हर तडकते. सिलिकॉनचा जाड थर देणेही घातक. त्याचे तुकडे आत पडून पंपाची जाळी तुंबवू शकतात. सील बदलूनही पुन्हा गळती झाली तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. तो तुंबला की इंजिनाच्या पोटात वायूचा दाब वाढतो आणि नवे सीलही तेल बाहेर टाकू लागते.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर थोडे मऊ करतात. त्याने पाझर तात्पुरता कमी होऊ शकतो, फाटलेले पॅकिंग सांधले जात नाही. शिफारशीपेक्षा जाड तेल घालणे हाही उपाय नाही. बारीक नलिकांतून ते, विशेषतः थंड इंजिनात, उशिरा पोहोचते.

गाडी चालवावी की थांबवावी?

फक्त ओलसरपणा असेल, थेंब पडत नसतील, तर आठवड्याला डिपस्टिक पाहून नजर ठेवता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. ती किमान खुणेजवळ असेल तर योग्य ग्रेडचे तेल थोडे थोडे भरावे. लांबच्या प्रवासाआधी, विशेषतः घाटात जाण्याआधी, हे तपासायलाच हवे. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावा. चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा मोह टाळावा. सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावे. टोइंगचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळ असतो.