कर्ज काढून कॉलेज (भाग ७) : पाच वर्षं काहीच भरायचं नाही?

या आठवड्यात परदेशातल्या एमएसकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो. तासगावहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातल्या एका वाक्यावर अख्खा भाग खर्च करायचा मोह मला आवरत नाही. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर माणसाचे काही लाडके विषय होतात. मोरॅटोरियम हा माझा.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. मुलीला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय, होस्टेल धरून चार वर्षांसाठी २० लाखांचं कर्ज लागेल. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सांगलीच्या वालचंद कॉलेजात सिव्हिल मिळण्यासारखं आहे, पण मुलीचं मन पुण्यात अडकलंय. यजमान साखर कारखान्यात क्लार्क, वय ५३, उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. तारणाला तासगावचं घर. बँकेत सांगितलं गेलं, की पाच वर्षं काही भरायचं नाही, पुढं मुलगीच फेडेल. ताई विचारतात, हे खरं का?

खरं आहे. फक्त त्या पाच वर्षांत व्याज काय करत असतं, ते त्या वाक्यात नाही.

शिक्षणाची चार वर्षं आणि वर आणखी एक, एवढा काळ हप्ता सुरू होत नाही. हाच मोरॅटोरियम. बँका ज्या आदर्श योजनेवर चालतात, ती इंडियन बँक्स असोसिएशनची. तिच्यानुसार या काळात व्याज लागतं, पण साधं. व्याजावर व्याज नाही. आता पालक दोन टोकांच्या चुका करतात. काहींना वाटतं व्याजच नाही. काही जण २० लाखांवर पाच वर्षांचं व्याज एकदम लावतात आणि दहा टक्क्यांनी १० लाख काढून घाबरतात. दोन्ही चूक, कारण बँक २० लाख पहिल्या दिवशी देतच नाही. फी जशी भरायची तसे पैसे कॉलेजकडे जातात. म्हणजे दरवर्षी पाच लाख धरा. पहिल्या पाच लाखांवर पाच वर्षं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण चौदा वर्षांचं व्याज पाच लाखांवर. दहा टक्क्यांनी वर्षाला ५० हजार, गुणिले चौदा : ७ लाख. (दहा टक्के मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलाय. तुमच्या मंजुरी पत्रावरचा दर घालून पुन्हा मांडा.)

पाच वर्षं संपली, की एका दिवसात हे ७ लाख मुद्दलात विरघळतात. शाखेत आम्ही त्याला ‘व्याज मुद्दलात टाकणं’ म्हणायचो. त्या दिवसापासून कर्ज २७ लाखांचं आणि व्याज चक्रवाढ. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २९ हजार १४ रुपये. दहा वर्षांची घेतली तर ३५ हजार ६८१. पंधरा वर्षांत एकूण भरणा ५२ लाखांच्या वर. त्यातले साडेतेरा लाख त्या सात लाखांपायी गेलेले असतात.

आता हा २९ हजारांचा हप्ता मागच्या आठवड्यातल्या पॅकेजच्या चर्चेशेजारी ठेवून बघा. माहितीपत्रकावरच्या ‘सर्वाधिक पॅकेज’चं काय करायचं ते तेव्हा बोललोच. सरासरीचंही. पगारांच्या रांगेत मधोमध असलेल्या मुलाला काय मिळतं ते विचारा, हा माझा हट्ट नियमित वाचकांना पाठ झाला असेल. मोठ्या आयटी कंपन्यांत साध्या भरतीतल्या फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. हा आकडा बरीच वर्षं जागचा हललेला नाही. हातात येतात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास. हप्ता पगाराहून मोठा. तोही पुण्यात किंवा बंगळुरात खोलीचं भाडं देण्याआधी.

आणि हप्ता थकला, की फोन यजमानांना जातो. ते सहकर्जदार आहेत. पहिला हप्ता लागेल तेव्हा ते ५८ वर्षांचे असतील. मुलीची पहिली नोकरी आणि वडिलांची शेवटची वर्षं एकाच हप्त्याभोवती गोळा होतात, हे मी टेबलापलीकडून इतक्या घरांत पाहिलंय की अर्ज हातात आला की पहिल्यांदा वडिलांच्या जन्मतारखेचा रकाना बघायची सवयच लागली.

‘मुलगीच फेडेल’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. सही दोघांची असते, घर कधी तिसऱ्याच्याच, बहुतेकदा आजीच्या, नावावर असतं, आणि भाषा मात्र एकटीची.

मग ते ७ लाख टाळता येतात का? येतात, आणि इथंच मोरॅटोरियमची गंमत आहे. दोन रस्ते आहेत. पहिला, शिक्षण सुरू असतानाच दरमहा व्याज भरत जायचं. पहिल्या वर्षी महिन्याला चार हजारांच्या थोडं वर, शेवटच्या दोन वर्षांत साडेसोळा हजारांच्या वर. असं भरणाऱ्यांना त्या काळापुरती व्याजात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. आपल्या बँकेत आहे का ते मागून घ्यावं लागतं, सहसा कुणी आपणहून सांगत नाही. दुसरा रस्ता थोडा धूर्त. व्याज साधंच आहे, तर ते तुंबलं म्हणून वाढत नाही. मग घाई कशाला? दरमहा दहा हजारांची आवर्ती ठेव काढायची. साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षांत सहा लाख भरून सात लाखांच्या थोडे वर पैसे हाती येतात. मोरॅटोरियमच्या शेवटच्या आठवड्यात ते नेऊन तुंबलेलं सगळं व्याज एकरकमी भरायचं. मुद्दलात टाकायला बँकेकडं काही उरतच नाही. हप्ता २० लाखांवर बसतो : पंधरा वर्षांसाठी २१ हजार ४९२.

एक टक्क्याची सवलत धरली, तर दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीत सुटतात. कागदावर. प्रत्यक्षात मी लोकांना पहिला सांगायचो. आवर्ती ठेव चौथ्या वर्षी मोडते. कधी थोरल्याचं लग्न, कधी विहिरीचं काम. भरलेलं व्याज परत काढता येत नाही, हाच त्याचा गुण.

दोन्ही रस्त्यांना एक अट. ‘मोरॅटोरियममध्ये व्याज साधं’ ही ओळ मंजुरी पत्रात शोधा. नसेल तर लिहून मागा. बँकेतर वित्तसंस्थांचे नियम वेगळे असतात आणि तिथं शिक्षण चालू असतानाच व्याज किंवा त्याचा काही भाग भरायला लावतात.

प्राप्तिकराचं एक वळण यातच आहे. कलम ८०ई. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळते, तिला रकमेची कमाल मर्यादा नाही, पण मुदत आठ वर्षांची. आणि ती मोजली जाते व्याज भरायला सुरुवात केल्याच्या वर्षापासून. वडिलांनी पहिल्याच वर्षी व्याज भरायला घेतलं, तर वजावट त्यांना लागेल, पण घड्याळही तेव्हाच सुरू होईल आणि मुलीची नोकरी जेमतेम रुळेपर्यंत संपेल. शिवाय हे सगळं जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ८०ई नाहीच. वर्षाला आठ लाखांच्या आत कमावणाऱ्या घराला नव्या प्रणालीत मुळात करच फारसा लागत नाही, तेव्हा तासगावच्या ताईंनी या परिच्छेदावर झोप उडवू नये.

आता मूळ प्रश्नाकडं. स्वप्नातलं कॉलेज कर्जाच्या लायकीचं आहे का?

यावर अमेरिकेतला एक अभ्यास माझा आवडता आहे. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि त्यांच्या सहकारी स्टेसी डेल यांनी १९७६मध्ये कॉलेजात गेलेली मुलं घेतली आणि पुढं त्यांनी किती कमावलं ते पाहिलं. नामांकित कॉलेजांतली मुलं जास्त कमावतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांनी प्रश्न फिरवला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांचं काय झालं? २००२मध्ये छापून आलेलं उत्तर : साधारण सारखंच कमावलं. कमाई कॉलेजाच्या पाटीपेक्षा मुलातच जास्त होती. (स्टीव्हन स्पीलबर्गला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागानं नाकारलं होतं. तो लाँग बीचच्या सरकारी विद्यापीठात गेला, पदवी अर्धवट टाकून सिनेमे काढत बसला आणि राहिलेली पदवी त्यानं पूर्ण केली तीही २००२मध्येच. योगायोग आहे, पण मला आवडतो.)

पण त्या अभ्यासात एक अपवाद होता आणि तो सोडून देणारे लोक अप्रामाणिक असतात. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. ओळखी, माहिती, कुणाला फोन करायचा याची अक्कल, जे बाकीच्यांना घरात मिळतं ते यांना कॉलेजात मिळालं. म्हणजे ताई, तुमची मुलगी नेमकी त्या अपवादात बसते. तिचा हट्ट मी उडवून लावणार नाही.

फक्त अमेरिकेतलं गणित इथं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथं ज्या कॉलेजात शिरणं सर्वात अवघड, त्याची छापील फीही सहसा मोठी. आपल्याकडं अभियांत्रिकीत बऱ्याच अंशी उलटं आहे. १८५४चं सीओईपी, १८८७चं व्हीजेटीआय, आयआयटी : शिरायला महाकठीण, फी तुलनेनं कमी. अपवाद आहेत, बिट्स पिलानी किंवा आयआयएम दोन्ही बाजूंनी महाग आहेत, आणि तिथल्या कर्जाचा हिशेब मी वेगळा मांडतो. पण पुण्याच्या आसपासच्या कितीतरी महागड्या जागांची किंमत ही पर्सेंटाइल कमी पडल्याची किंमत असते. क्रूगर-डेलचा अपवाद मुलीला चांगल्या कॉलेजकडं ढकलतो. महागड्याकडं नाही.

१९४७पासून चालत आलेलं अनुदानित वालचंद चांगल्यात मोडतं, याबद्दल सांगली जिल्ह्यात तरी माझ्याशी कुणी भांडणार नाही. तरी मी ‘वालचंद घ्या’ असं म्हणत नाही, कारण सिव्हिल आणि कॉम्प्युटर यांतलं निवडणं मुलीचं आहे आणि न आवडणारी शाखा चार वर्षं ओढणं हेही एक कर्जच. माझा सल्ला तिसरा आहे. कॅपच्या पुढच्या फेऱ्यांत कॉम्प्युटर शोधा, सांगली-कोल्हापूरच्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांतसुद्धा. कारण २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ते लागू नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. तुम्ही प्रवर्ग लिहिला नाहीत, पण यांपैकी कुठल्याही प्रवर्गाचा दाखला निघत असेल, तर पुण्याच्या त्या जागेची खरी किंमत २० लाखांहून जास्त आहे. तिथं गेल्यानं ही माफीही हातची जाते.

होस्टेल-खाणं मात्र माफ नाही. त्यासाठी तीन-चार लाखांचं कर्ज लागलंच, तर खुशाल काढा. चार लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत घर गहाण ठेवावं लागत नाही. चार लाख दरवर्षी एकेक लाख करून उचलले, तर वरच्याच रीतीनं मोरॅटोरियमअखेर १ लाख ४० हजार व्याज होतं आणि दहा वर्षांचा हप्ता सात हजारांच्या थोडा वर बसतो. पंचवीस हजारांच्या पगारातून तो निघतो. यजमानांना पेन्शनीला हात लावावा लागत नाही.

मुलगी तरीही पुण्यावर ठाम राहिली, तर दोन गोष्टी बघा. त्या विद्यापीठाचं नाव पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का? नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाविना कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मोरॅटोरियममध्ये दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. जागा दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांपुरत्या, म्हणून ‘शकते’. दुसरं, २९ हजारांचा आकडा मुलीला स्वतः मांडायला लावा. मी शाखेत विद्यार्थ्याच्याच हातात कॅल्क्युलेटर द्यायचो. काही जण तरीही कर्ज घ्यायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मुदतीआधी फेडलंही.

घर आजीच्या नावावर आहे, की शेती गहाण टाकायचा विचार चाललाय, हेही कळवा. शेतजमीन करोडोंची असली तरी बँक नाक का मुरडते, त्यामागं सरफेसी कायद्यातलं एक पोटकलम आहे. एमएस आणखी एक आठवडा थांबलं तरी चालेल. पुढच्या भागात सातबारा.