कृत्रिम गुडघ्यातील जंतुदोष

कृत्रिम गुडघ्यात जंतुदोष मुरला, तर केवळ औषधाने तो सहसा हटत नाही. जंतू धातूवर चिकट थर धरून त्याआड दडतात. कीड लागलेले कोठार झाडल्यावाचून आम्ही नवे धान्य भरीत नाही, तसेच हे. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सांधा काढून, सहा आठवडे औषध देऊन, मग नवा बसवीत. आता मधल्या काळात तेथे औषधमिश्रित सिमेंटचा ठोकळा ठेवतात.

खरी अडचण पोखरलेल्या हाडाची. लहान खळगा सिमेंटने बुजतो; मोठ्यात टँटलम धातूचे सच्छिद्र शंकू बसवितात, त्यांत हाड रुजते. अस्थिबंधही गेले असल्यास बिजागरीचा सांधा लागतो. जखम व रक्ततपासणी समाधानकारक होईपर्यंत डॉक्टर थांबतात. दुकानाचा हंगाम पाहून तारीख मागणाऱ्या बंधूंनी हे ध्यानी घ्यावे.