शंकूंच्या मार्गावरील सिंगल-सीटर: बंगळूरच्या हौशी स्पर्धकापुढील निवड

मोकळ्या मैदानावर किंवा फरसबंद पटांगणावर रबरी शंकू मांडून आखूड, वळणावळणाचा मार्ग आखायचा, त्यावरून एका वेळी एकच गाडी सोडून तिची वेळ मोजायची, शंकू पाडल्यास त्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवायचे आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास विजयी ठरवायचे, या क्रीडाप्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. शेजारून दुसरी गाडी धावत नसल्याने धडकेची भीती कमी असते, खर्चही सर्किटवरील शर्यतींच्या मानाने आटोक्यात राहतो, आणि म्हणून नोकरी-व्यवसाय सांभाळून मोटारक्रीडेत उतरू पाहणाऱ्या हौशी माणसाला हाच प्रकार सर्वांत जवळचा वाटतो. यातील बहुतेक स्पर्धक रोजच्या वापरातील गाड्याच घेऊन येतात; मात्र काहींना ओढ असते ती फॉर्म्युला कारची, म्हणजे एकाच चालकाची आसनव्यवस्था असलेल्या, छप्पर नसलेल्या आणि चारही चाके सांगाड्याबाहेर उघडी असलेल्या गाडीची, जिला मोटारक्रीडेच्या बोलीत सिंगल-सीटर म्हणतात. अशी गाडी निवडताना सर्किटवरील कीर्ती पाहून निर्णय घेतला, तर पैसा आणि हौस दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो, कारण शंकूंच्या मार्गाची मागणी सर्किटच्या मागणीहून मुळातच वेगळी आहे.

पहिला निर्णय गाडीविषयीचा नसून जमिनीविषयीचा आहे. भारतात ऑटोक्रॉस म्हणजे बहुधा मातीवरील स्पर्धा असे समीकरण असून, के-१००० रॅलीमुळे नावाजलेल्या कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबच्या बंगळूर शहरातही रॅलीची परंपरा बळकट असल्यामुळे माती, खडी आणि खाचखळगे हाच इथल्या स्पर्धकांचा सरावाचा पृष्ठभाग राहिला आहे. जमिनीपासून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उंच असलेली आणि चाकांना वरखाली होण्यास अत्यल्प वाव देणारी फॉर्म्युला कार अशा जमिनीवर पहिल्याच उंचवट्याला तळ घासते. युरोपात मातीवरील ऑटोक्रॉससाठी बगी आणि क्रॉसकार हे वेगळे वर्ग आहेत. त्या गाड्यांचीही चाके उघडी असतात, परंतु सस्पेन्शनची हालचाल मोठी असते आणि चालकाभोवती नळ्यांचा पूर्ण पिंजरा असतो. ज्याला मातीवरच उतरायचे आहे, त्याने फॉर्म्युला कारचा विचार सोडून बगीकडे वळावे. पुढील विवेचन डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणापुरते आहे, आणि तिथेही सिंगल-सीटरला कोणत्या वर्गात प्रवेश मिळतो, हे त्या स्पर्धेच्या पुरवणी नियमावलीत आधी वाचून मगच खरेदीची बोलणी सुरू करणे शहाणपणाचे ठरते. देशातील मोटारक्रीडेचे नियमन १९७१ मध्ये स्थापन झालेली फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि चालकाचा स्पर्धा-परवानाही तिच्याकडूनच घ्यावा लागतो.

दक्षिण भारतात सिंगल-सीटरची परंपरा जुनी आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस बंगळूरचे उद्योगपती विजय मल्ल्या यांनी तिथे एन्साइन ही एकेकाळची फॉर्म्युला वन गाडीही चालवली. तथापि सामान्य स्पर्धकाच्या आवाक्यात ही गाडी आणली ती कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. मारुती ८०० या घरोघरी पोहोचलेल्या मोटारीचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरी इंजिन नळ्यांच्या सांगाड्यात बसवून त्यांनी देशी फॉर्म्युला मारुती घडवली, आणि परदेशी गाडी आयात करण्याची ऐपत नसलेल्या तरुणांना शर्यतीचे दार उघडून दिले. भारतीय मोटारक्रीडेत याहून मोलाचे काम क्वचितच कोणी केले असेल. १९९५ मध्ये हवाई अपघातात त्यांचा अंत झाला. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथील २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पुढे त्याच शहरातील, साखळ्या आणि दातेरी चक्रे बनवणाऱ्या एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स या उद्योगाच्या नावाने एलजीबी फॉर्म्युला गाड्या आल्या, ज्यांपैकी एलजीबी फॉर्म्युला ४ या गाडीत मारुती स्विफ्टचे १३०० घनसेंटिमीटरचे इंजिन असते. सुमारे १४० अश्वशक्तीची, कार्बन तंतूंच्या सांगाड्याची फॉर्म्युला बीएमडब्ल्यूही जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धांतून भारतात धावली आहे.

या सर्व गाड्या सर्किटसाठी घडल्या असून, बंगळूरला स्वतःचे कायमस्वरूपी मोटार-सर्किट नसल्याने त्या करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा मार्ग यांवर धावत आल्या, आणि नेमका तिथेच ऑटोक्रॉसच्या स्पर्धकाचा पेच सुरू होतो. शंकूंच्या मार्गाचे सर्वांत काटेकोर वर्णन फॉर्म्युला स्टुडंट या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेच्या नियमांत सापडते, कारण ऑटोक्रॉस ही त्या स्पर्धेतील एक स्वतंत्र परीक्षाच आहे. तिथे सरळ पट्टा सामान्यतः ८० मीटरपेक्षा लांब नसतो, नागमोडी ओळीतील शंकूंमध्ये साडेसात ते बारा मीटरचे अंतर असते, आणि परत फिरवणाऱ्या घट्ट वळणाचा बाहेरचा व्यास अवघा नऊ मीटर असू शकतो. या शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. नऊ मीटर व्यास म्हणजे साडेचार मीटर त्रिज्या. त्या कडेच्या आत गाडीचे बाहेरचे पुढचे चाक ठेवायचे, तर पुढील व मागील आसांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते सुमारे दीड मीटर असलेल्या गाडीची पुढची चाके साधारण २४ अंश वळावी लागतात. व्हीलबेस अडीच मीटर असेल, तर तेच वळण एका दमात घेण्यासाठी चाके चाळीस अंशांहून अधिक वळायला हवीत. सर्किटवरील सिंगल-सीटरची चाके सहसा पंधरा-वीस अंशांपलीकडे वळतच नाहीत, कारण तिथे त्याहून अधिक वळण्याची गरज नसते आणि सांगाड्याचे अरुंद नाकही त्यांना जागा देत नाही. परिणामी लाखो रुपयांची, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावू शकणारी गाडी मैदानातील एका साध्या वळणावर अडून बसते आणि चालकाला मागची चाके मुद्दाम घसरवून ती फिरवावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी गाडी सपाट जागेवर हाताने ढकलत, सुकाणू पूर्ण वळवून तिचे वर्तुळ खडूने आखून मोजावे. या एका मोजमापातून जे कळते ते इंजिनाच्या अश्वशक्तीतून कळत नाही.

पंखांचेही असेच आहे. पुढचे-मागचे पंख हवेच्या दाबाने गाडी जमिनीवर दाबून धरतात, परंतु हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटरला मिळणारा दाब ताशी ४० किलोमीटरला केवळ एक-षोडशांश उरतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्यांवर दिसणारे अवाढव्य पंख या उणिवेवरचाच उपाय होत. सर्किटच्या गाडीचे छोटे पंख मात्र अशा वेगाला जवळजवळ शोभेपुरते राहतात. त्याच स्पर्धेतील स्किडपॅड, म्हणजे १५.२५ मीटर आतील व्यासाचे वर्तुळ फिरण्याची परीक्षा, याबाबतीत बोलकी आहे. गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट पार्श्वबल टायर पेलत असतील, तर तीन मीटर रुंद पट्ट्याच्या मधोमध एक फेरी साधारण साडेपाच सेकंदांत होते आणि वेग ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास राहतो. एवढ्या वेगात निकाल ठरवतात ते टायर, वजन आणि सुकाणूची तत्परता.

टायरच्या बाबतीत सर्किटचा अनुभव विशेष फसवा ठरतो. स्लिक, म्हणजे पृष्ठभागावर नक्षी नसलेले शर्यतीचे टायर, तापल्यावरच चिकटतात, आणि सर्किटवर त्यासाठी एक-दोन फेऱ्या हाताशी असतात; ऑटोक्रॉसमध्ये एका मिनिटाच्या आसपास सारे आटोपते. गाडी जितकी हलकी, तितका टायरवरील भार कमी आणि तापण्याचा वेगही कमी, म्हणून हलक्या गाडीला थंड असतानाही पकड देणारे मऊ मिश्रणाचे, फार रुंद नसलेले टायरच हवेत. त्या मापाचे टायर भारतात सहज मिळतात की दर वेळी आयात करावे लागतात, याचा हिशेब गाडीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

गिअरचा प्रश्न तितकाच निर्णायक आहे. सर्किटच्या गाडीचा पहिला गिअर बहुधा शर्यत सुरू होताना एकदाच लागतो आणि त्याची धाव लांब असते, त्यामुळे घट्ट वळणातून बाहेर पडताना इंजिनाचे फेरे कोसळतात व गाडी रेंगाळते. याउलट मोटारसायकलचे इंजिन बसवलेल्या गाडीत मागील आसावरचे दातेरी चक्र बदलून सर्व गिअर एकदम आखूड करता येतात. चक्राचे दाते दहा टक्क्यांनी वाढवले की चाकावरील ओढ तेवढीच वाढते, आणि हे काम एका दुपारीही होते. पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात तयार झालेल्या केटीएम ३९० ड्यूकचे ३७३ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४३ अश्वशक्तीचे एकसिलिंडरी इंजिन भारतीय विद्यार्थी संघांमध्ये लोकप्रिय झाले त्यामागे हेच कारण आहे: ते हलके आहे, कमी फेऱ्यांवर जोर देते आणि त्याचे सुटे भाग देशभर मिळतात. चार सिलिंडरचे ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन अधिक शक्ती देते खरे, परंतु ती वरच्या फेऱ्यांवर मिळते, आणि आखूड मार्गावर तिथवर पोहोचण्याची उसंत नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील बंगळूरमध्ये हवेचा दाब दहा टक्क्यांच्या आसपास कमी असल्याने टर्बो नसलेल्या कोणत्याही इंजिनाची शक्ती जवळपास तेवढ्याच प्रमाणात घटते. इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी इंधन त्यानुसार बेतते, मात्र चेन्नईला जुळवलेला कार्ब्युरेटर इथे पुन्हा जुळवावा लागतो.

अमेरिकेत सिंगल-सीटर ऑटोक्रॉसचा अनुभव दीर्घ आहे, आणि तिथल्या वर्गवारीतूनही हाच विचार दिसतो. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरील फॉर्म्युला व्ही आणि लहान दोन-स्ट्रोक इंजिनाची फॉर्म्युला ५०० यांना एक वर्ग, १६०० घनसेंटिमीटरच्या, पंख नसलेल्या फॉर्म्युला फोर्डला दुसरा, आणि विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांना स्वतंत्र वर्ग आहे. फॉर्म्युला ५०० मध्ये पट्ट्यावर चालणारी, आपोआप प्रमाण बदलणारी गिअरव्यवस्था असल्याने गिअर निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. या गाड्या भारतात आणण्याचा खटाटोप मात्र हौशी माणसाने करू नये. सीमाशुल्क, वाहतूक आणि पुढे सुटे भाग यांचे गणित जमत नाही.

बंगळूरच्या स्पर्धकाला सर्वाधिक शोभणारी गाडी त्याच्या शहरातच घडते. म्हैसूर रस्त्यावरील आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा २००३ मध्ये सुरू झालेला अश्व रेसिंग हा संघ देशातील सुरुवातीच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांपैकी एक आहे; मुंबईत आयआयटीचा संघ आणि सोमैया महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग हे त्याच पंथाचे प्रवासी, आणि करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत ही स्पर्धा या सर्वांची रणभूमी. दोनशे-अडीचशे किलोंची, दीड मीटरच्या थोड्या वरच्या व्हीलबेसची अशी गाडी मुळात शंकूंसाठीच जन्मलेली असते. निवृत्त झालेली विद्यार्थी गाडी संस्थेच्या लेखी संमतीने मिळाली, किंवा तिच्या धर्तीवर नवी बांधता आली, तर तिला पहिली पसंती द्यावी. दुसरी पसंती जुन्या फॉर्म्युला मारुतीला किंवा एलजीबीला द्यावी, चाकांचा वळण्याचा कोन वाढवण्यास सांगाड्यात जागा असेल या अटीवर. फॉर्म्युला बीएमडब्ल्यू ही सर्किटसाठी उत्तम गाडी आहे, म्हणून ती सर्किटवरच राहू द्यावी.

विद्यार्थी गाडी घेताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ती एका हंगामासाठी, वजनाचा ग्रॅम-ग्रॅम वाचवत बांधलेली असते, त्यामुळे सस्पेन्शनचे दांडे सांगाड्याला जिथे जोडलेले असतात तिथले जोडकाम रंग खरवडून, भिंगाखाली तडे शोधत तपासावे. दांड्यांच्या टोकांचे गोलाकार सांधे हातात धरून हलवावेत आणि टकटक जाणवली तर ते बदलावेत. डाव्या व उजव्या बाजूचा व्हीलबेस आणि दोन्ही कर्ण मोजून सांगाडा वाकलेला नाही याची खात्री करावी. यातील बहुतेक दुरुस्त्या बंगळूरमध्ये अवघड नाहीत. पीण्या औद्योगिक वसाहतीत खरादकाम आणि जोडकाम करणारी छोट्या यंत्रशाळा सापडतात, तर मारुतीचे वा मोटारसायकलचे भाग जे. सी. रोडच्या दुकानांत मिळतात. देशी इंजिनाच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद नाही. फॉर्म्युला कार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नसल्याने ती टेम्पोतूनच न्यावी लागते, आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोचा हौदा विद्यार्थी गाडीलाही अपुरा पडतो, म्हणून पिकअपचे किंवा मोठ्या गाडीसाठी चौदा फुटी ट्रकचे भाडे प्रत्येक स्पर्धेच्या खर्चात धरावे.

चालकाचे शरीर गाडीत मावते का, ही तपासणी शिरस्त्राण घालून आणि पट्टे आवळूनच करावी. पुढची व मागची संरक्षक कमान यांच्या माथ्यांना जोडणारी दोरी ताणली असता शिरस्त्राण तिच्या किमान पाच सेंटिमीटर खाली राहिले पाहिजे. तसे राहत नसेल तर आसन खाली घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर गाडी नाकारावी, मग ती कितीही स्वस्त असो. पट्ट्यांवर शिवलेली मुदतीची चिठ्ठी वाचावी आणि मुदत संपलेली असेल तर नव्या पट्ट्यांची किंमत सौद्यातून वजा करावी.

खर्च पेलवत नसल्यास दोघांनी मिळून एक गाडी घेणे हा या क्रीडेतील जुना आणि नियमांनी अनेक ठिकाणी मान्य केलेला मार्ग आहे, आणि त्याचा एक तांत्रिक लाभही आहे: पहिल्या चालकाच्या फेरीने तापलेले टायर निवण्याआधीच दुसरा निघतो, त्यामुळे हलक्या गाडीची सर्वांत मोठी उणीव अंशतः भरून निघते. अशा भागीदारीत उंच चालकाच्या मापाने आसन आणि कमान ठरवावी, बुटक्यासाठी पाठीमागे ओतीव फोमची काढघाल करता येणारी गादी करावी, आणि पायपट्ट्यांची बैठक दोन ठरावीक खाचांत सरकून खिळीने पक्की होईल अशी बनवून घ्यावी, म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या थोड्या वेळात पान्याला हात न लावता गाडी दुसऱ्याच्या मापाची होते.